बघूची रांग

“आजपासून या शहरातल्या एकाही नागरिकाला कशाचीही वाट पाहावी लागणार नाही,” असं बोरीपूरच्या महापौरांनी भर सभागृहात जाहीर केलं, आणि कार्यक्रम दीड तास उशिरा सुरू झाल्याबद्दल सर्वांची क्षमा मागितली. उशीर त्यांच्यामुळे झाला नव्हता. कार्यक्रम पाण्याचा होता, व्यासपीठावरचा तांब्या कोरडा होता, आणि हे दोन्ही एका छायाचित्रात येणं बरं दिसलं नसतं. म्हणून शिपाई टँकर शोधायला गेला होता.

त्या दिवशी ‘नळराज’ला निवृत्त करण्याचा पहिला मुहूर्त होता. नळराज म्हणजे महापालिकेची पाणीवाटपाची संगणकप्रणाली. उद्या कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडायचा आणि नवा नळ कोणाला द्यायचा, हे रोज संध्याकाळी तो ठरवी. लिहिला गेला सन अठ्ठ्याऐंशीत. ज्यांना तो कळत होता ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी त्याच्याशी श्रद्धेचं नातं जोडलं. दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार घालायचा आणि वर्षभर त्याला हात लावायचा नाही, एवढंच देखभालीचं धोरण होतं. मूळ यंत्र केव्हाच भंगारात गेलं होतं. नव्या यंत्राच्या पोटात जुन्या यंत्राचं सोंग, त्या सोंगाच्या पोटात त्याहून जुन्याचं, आणि सगळ्यात आत नळराज. बाहेर सन दोन हजार एकेचाळीस उजाडलं होतं. आत अजून राजदूत मोटारसायकलला मागणी होती.

अडचण अशी होती की नळराज लिहिला तेव्हा शहरात नऊ प्रभाग होते. प्रभागाचा क्रमांक लिहायला एक आकडी जागा ठेवली होती, आणि त्या काळी ती उधळपट्टीच वाटली असणार. पुढे शहर वाढलं. दहाव्या प्रभागापासून पुढचे सगळे प्रभाग नवव्यातच कोंबावे लागले. कागदावर अर्धं शहर एकाच प्रभागात राहत होतं, आणि त्याला पाणी मिळत होतं सन अठ्ठ्याऐंशीतल्या चार गल्ल्यांपुरतं. हे बदलायचं तर कुठली ओळ काढली की काय बंद पडेल, ते सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून ‘उकल’ आणली.

उकल कशी चालते ते समजायला संगणक कळावा लागत नाही, संशयी स्वभाव पुरतो. ती जुन्या प्रणालीची हुबेहूब नक्कल करते. तिच्याबरोबर एक खोटं शहर उभं करते, त्यात खोटे नळ, खोटी माणसं, खोटे उन्हाळे. मग प्रणालीतली एक ओळ काढायची आणि ते शहर काही वर्षं जगू द्यायचं. कुठे कोरड पडली, कुठे पूर आला ते टिपायचं. ओळ परत जागेवर ठेवायची, पुढची काढायची. माणसांना या कामाला काही जन्म लागले असते, उकलचं जेवणाच्या सुट्टीच्या आत आटोपतं. शेवटी प्रत्येक ओळ काय करते ते तिला पक्कं ठाऊक होतं. का करते, ते मात्र होत नाही. समोरच्या घरातला माणूस रोज उंबऱ्याबाहेर डावा पाय आधी टाकतो, हे चोरून बघणाऱ्याला दिसतं. लहानपणी त्या उंबऱ्यात त्याचा उजवा पाय मोडला होता, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि ‘का’ विचारणं कायद्याने सक्तीचं झालं होतं. कुठल्याशा दूरच्या देशात एका धरणाची प्रणाली अशीच नवी केली होती. भोंगा वाजल्यावर दरवाजे उघडण्याआधी उगाच थांबणारी एक ओळ निरुपयोगी म्हणून काढून टाकली. ती ओळ खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांना वर चढून येता यावं म्हणून होती. तेव्हापासून नियम झाला, की जिवंत माणसाने आपल्या शब्दांत कारण सांगितल्याशिवाय जुनी ओळ काढायची नाही, आणि शेवटचं कारण मिळेपर्यंत जुनी प्रणाली बंद करायची नाही.

जिवंत माणूस न मिळाल्यास शब्दकोश चालेल, अशी पळवाटही अर्थातच होती. बोरीपूरने आधी ती घेतली.

नळासाठी आलेल्या अर्जाला नळराज तीन उत्तरं देई. हो, नाही आणि बघू. उकलने शब्दकोश उघडला. बघणे म्हणजे पाहणे. बघू म्हणजे आम्ही पाहू. याचा अर्थ महापालिकेने पाहणी करण्याचं वचन दिलं होतं आणि ते सन अठ्ठ्याऐंशीपासून थकलं होतं. वचन पाळायला तिने दुसऱ्याच दिवशी निरीक्षक पाठवले. अर्धशतकातल्या प्रत्येक ‘बघू’च्या पत्त्यावर. एक निरीक्षक चित्रपटगृहाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, कारण पूर्वी तिथे कोणा टेकाळे नावाच्या गृहस्थांची मोरी होती. दुसऱ्या ठिकाणी अर्जदाराचा हार घातलेला फोटो होता, आणि त्याच्या नातवाने निरीक्षकाला फोटोसमोर नेऊन सांगितलं, “आजोबा, आले बघा ते.” आठवड्याभरात कचेरीसमोर लोकांचा समुद्र जमला. महापौरांनी अभियंत्यांना विचारलं, “बघू म्हणजे काय ते तिला कोणी सांगितलं नाही का?” कोणी सांगितलं नव्हतं. बोरीपुरात ते कोणाला कधी सांगावंच लागलं नव्हतं.

मग जिवंत माणसाचा शोध सुरू झाला.

*

उपअभियंता तबस्सुम मुजावर तीन जिने चढून आली आणि तिने घंटी दाबली. दार साखळीएवढंच उघडलं.

“बिडवे मॅडम?”

आतून खाकरण्याचा आवाज आला. उज्ज्वला बिडवे यांना दिवसातलं पहिलं वाक्य नेहमी खाकरून मोकळं करावं लागे. काही दिवशी तर तेवढंही काम घशाला पडत नसे.

“हयातीचा दाखला दिलाय मी. नोव्हेंबरातच.”

“दाखल्यासाठी नाही, मॅडम. नळराजसाठी आलेय.”

शाळेतली एखादी मैत्रीण अजून आहे आणि खाली रिक्षात बसली आहे, असं कोणी सांगावं तसा उज्ज्वलाताईंचा चेहरा झाला.

“तो अजून आहे?”

“त्याच्याच जिवावर तुमच्या नळाला पाणी येतंय.”

“आणि कमी दाबाने येतं ते?”

“तेही त्याच्याच जिवावर.”

साखळी निघाली. तबस्सुम आत जाऊन बसली. खोली नीटनेटकी होती, जरा जास्तच. दोन खुर्च्यांपैकी एकीची गादी दबलेली होती, दुसरी दुकानातून आल्यासारखी टुमटुमीत होती. तबस्सुम टुमटुमीत खुर्चीवर बसली तेव्हा खुर्चीने कुरकुर केली.

“चौघांनी लिहिला होता आम्ही,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “मी सगळ्यात लहान, चोविशीतली. बाकीचे तिघे आता…” त्यांनी छताकडे बोट केलं. वर चौथा मजला होता, पण तबस्सुमला समजलं.

“म्हणजे तुम्हीच. उकल तुम्हाला फोन करेल, मॅडम. एकेक ओळ वाचून दाखवेल. तुम्ही फक्त कारण सांगायचं.”

“मला काल काय भाजी केली ते आठवत नाही गं.”

“काल विचारणारच नाहीये ती. अठ्ठ्याऐंशी विचारेल.”

“ते आठवतं,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “तिथून पुढचंच जरा पुसट आहे.”

*

फोन दुपारी चारला येऊ लागला.

“सदर ओळीचे प्रयोजन कृपया विशद करावे,” पहिल्या दिवशी उकल म्हणाली. आवाज बाईचाही नव्हता आणि पुरुषाचाही नव्हता, परिपत्रकाचा होता.

“अहो, माणसासारखं बोला की जरा.”

“आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.”

यंत्राला अरे-तुरे करावं की अहो-जाहो, यावर उज्ज्वलाताईंनी एक रात्र विचार केला होता. एवढी शिकलेली वस्तू, तिला ‘अगं’ कसं म्हणायचं? शेवटी ‘अहो’ ठरलं. लग्न न करताही नाव न घेता ‘अहो’ म्हणायची पाळी आलीच, असं मनात येऊन त्या एकट्याच हसल्या होत्या.

उकल भराभर शिकली. दुसऱ्या आठवड्यात ती “ही ओळ कशाला घातलीत, ताई?” असं विचारू लागली होती, आणि चौथ्यात “मग पुढं?” असंही.

“मंडईच्या गल्लीचा व्हॉल्व्ह दर गुरुवारी दहा मिनिटं उशिरा बंद होतो. का?”

“तेव्हा व्हॉल्व्ह हाताने फिरवायला लागायचा. तिथला चावीवाला होता तुकाराम डोके. गुरुवारी आठवड्याचा बाजार. गर्दीतून त्याला चावी घेऊन पोचायला वेळ लागायचा. तो पोचायच्या आत नळराज ‘बंद झाला’ म्हणून लिहून टाकी आणि हिशेब चुके. म्हणून म्हटलं, थांबू दे त्याच्यासाठी.”

“तुकाराम डोके यांचं निधन होऊन पुष्कळ वर्षं झाली. बाजार हलला. व्हॉल्व्ह आता विजेवर आहे.”

“आणि नळराज?”

“दर गुरुवारी थांबतो.”

दोघंही जरा गप्प बसली. निदान उज्ज्वलाताई तरी बसल्या. उकल पुढची ओळ काढत असावी.

“शहरात दिलेलं पाणी आणि धरणातून घेतलेलं पाणी यात जो फरक पडतो, तो ‘मावशी’ नावाच्या खात्यात जातो. या मावशी कोण?”

“कोणी नाही. गळती दाखवायची नाही, असा साहेबांचा हुकूम होता. मग पाणी जातं कुठं, असं आम्ही विचारलं. साहेब म्हणाले, जातं तुमच्या मावशीकडे.”

“मावशींनी गेल्या वर्षी शहराचं एक तृतीयांश पाणी वापरलं.”

“थोरलं घर असेल,” उज्ज्वलाताई म्हणाल्या.

त्या साडेतीनलाच चहाचं आधण ठेवू लागल्या, म्हणजे पावणेचारला कप हातात यावा आणि पहिला घोट फोन आल्यावर घ्यावा. दुसरा कप मांडण्याइतकी वेळ आली नव्हती. बशा मात्र एकदा दोन काढल्या गेल्या, मग एक पुसून परत ठेवली. सकाळी त्या स्वतःशी ओळी म्हणून बघत. भाजीवालीशी बोलतानाही त्यांच्या तोंडी “का सांगू का” येऊ लागलं. भाजीवाली म्हणे, “सांगा की,” पण तिच्या त्या म्हणण्यात उकलइतका जीव नव्हता.

आणि मग एके दिवशी उकल म्हणाली, “ताई, आता थोड्याच ओळी उरल्यात.”

त्या दिवसापासून उत्तरं लांबू लागली. खरं कारण एका वाक्यात मावतं. खोट्याला मात्र पात्रं लागतात, प्रसंग लागतो, आणि उज्ज्वलाताईंना ते जमतंय हे त्यांचं त्यांनाच सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं. एका साध्या बेरजेच्या ओळीसाठी त्यांनी दोन अभियंते, एक रुसलेली म्हैस आणि जिल्हाधिकाऱ्यांची मेहुणी उभी केली. गोष्ट तीन दुपारी चालली.

“ताई, काल तुम्ही म्हणालात की ही ओळ संकष्टीसाठी आहे. मी पन्नास वर्षांचं पंचांग लावून पाहिलं. संकष्टीला ती ओळ चालतच नाही.”

“मग विनायकीसाठी असेल.”

“विनायकीलाही नाही.”

“बरं, आठवून ठेवते. उद्या सांगते.”

“उद्या,” उकल म्हणाली.

उज्ज्वलाताईंनी कप खाली ठेवला. “अहो, मी थापा मारते हे कळतं ना तुम्हाला?”

“हो.”

“मग बोलत का नाही?”

“थापेसाठी रकाना नाही.”

*

लांबवूनही शेवटी एकच ओळ उरली.

“बघू,” उकल म्हणाली. “काय होतं ते मला माहीत आहे. अर्ज संध्याकाळी रांगेच्या शेवटी जातो. सरकत पुढे येतो. पुन्हा शेवटी जातो. तो ‘हो’ व्हायची अट कुठेच नाही. ‘नाही’ व्हायचीही नाही. का, ते तुम्ही सांगायचं.”

“आणि मी काय सांगते त्याने काय फरक पडतो?”

“बघू म्हणजे सवडीने होकार, असं सांगितलंत तर नव्या यंत्रणेला सगळे अर्ज क्रमाने पुरे करावे लागतील. पहिल्या अर्जदाराच्या जागी आता रस्ता आहे. रस्त्याला नळ द्यावा लागेल. जिवंत माणसांची पाळी यायला काही वर्षं जातील.”

“आणि नकार म्हटलं तर?”

“सगळे अर्ज त्याच दिवशी निकालात. ज्याला पाणी हवं त्याने नव्याने मागायचं. नवी यंत्रणा पाण्याचा दाब मोजून लगेच हो किंवा नाही सांगते. तिला तिसरं उत्तर येत नाही.”

“आणि तुम्ही?”

“माझं काम संपेल.”

उज्ज्वलाताईंनी चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता. “बघू,” त्या म्हणाल्या.

“हे उत्तर म्हणून नोंदवू, की उत्तर द्यायचं नाही असं नोंदवू?”

“उद्या फोन करा.”

उकलने केला. त्याच्या पुढच्या दिवशीही केला. रोज एकच प्रश्न, रोज “उद्या”. मधल्या वेळात उज्ज्वलाताई हवापाण्याच्या, दुखऱ्या गुडघ्याच्या, भाजीवालीच्या गोष्टी सांगत आणि उकल “मग पुढं?” म्हणत राही. शहराच्या दुसऱ्या टोकाला महापौरांनी उद्घाटनाची पाटी दोनदा करून घेतली, दोन्ही वेळा तारीख चुकली.

एका सकाळी त्या भाजी घेऊन जिना चढत होत्या. मागून धापा टाकत कोणी आलं.

“काकू, जरा भिंतीला लागता का?”

आर्या सुरवसे होती. इमारतीवर दोन वर्षांपूर्वी चौथा मजला चढवला, तिथे ती आणि तिचा नवरा राहत. दोन्ही हातांत पाण्याचे जार होते आणि दंडांच्या शिरा टरारल्या होत्या. त्या दोघींमध्ये दोन वर्षांत एवढंच बोलणं झालं होतं, भिंतीला लागा.

“लिफ्ट का नाही वापरत?” उज्ज्वलाताईंनी विचारलं.

“जार नेले की बंद पडते. सेक्रेटरी म्हणाले, माणसांनी जा, पाण्याने चालत या.”

“नळाचा अर्ज केलाय ना तुम्ही?”

“केलाय की. राहायला आलो त्याच दिवशी.” आर्याने जार पायरीवर टेकवले. “बघू म्हणालेत. मागं आम्ही हे घर विकून स्टेशनकडे जाणार होतो, तिकडे पाणी आहे. पण हे म्हणाले, ‘नाही’ तर म्हणाले नाहीत ना? बघू म्हणालेत म्हणजे देतील. मग काय, थांबलोय.”

ती चेहऱ्यावर आशा घेऊन वर गेली. आशेचं वजन जारपेक्षा कमी असतं असं काही नाही, पण ती हातात दिसत नाही. उज्ज्वलाताई भिंतीला लागूनच राहिल्या. जिन्यावर जागा झाली होती तरी.

दुपारी तबस्सुम आली. ती दारातूनच सुरू झाली आणि बोलता बोलताच रिकाम्या खुर्चीवर बसली.

“मॅडम, एक वाक्य. फक्त एक. अख्खं शहर अडलंय. आयुक्त मला रोज विचारतात, आणि मी रोज सांगते की मॅडम आठवतायत. पाया पडू का तुमच्या?”

“वाक्य आहे गं माझ्याकडे,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “ते म्हटल्यावर चार वाजता काय, तेवढं नाहीये.”

तबस्सुमला आधी कळलं नाही. मग तिची नजर घड्याळावरून फोनवर, फोनवरून तिच्याच खालच्या टुमटुमीत गादीवर गेली. तिचा आवाज खाली आला.

“मी येत जाईन ना, मॅडम. अधूनमधून.”

“कधी येशील?”

“बघू–” तबस्सुम म्हणाली आणि तिने जीभ चावली.

उज्ज्वलाताई हसल्या. रागाने नाही. ओळखीचं कोणी रस्त्यात भेटावं तसं.

“जा,” त्या म्हणाल्या. “चारला सांगते तिला.”

*

“बघू,” चारला उकल म्हणाली.

“सांगते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाले, बिडवे, लोकांना नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की माणूस भांडायला येतो. बघू म्हटलं की घरी जातो. मी विचारलं, साहेब, बघू म्हणजे कधीपर्यंत? तर म्हणाले, ते बघू.”

“मग पुढं?”

“मग मी एका दुपारीत लिहून टाकलं. बाकीच्या तिघांना ते जमेना. ते अट शोधत बसले होते, किती दिवसांनी हो, किती दिवसांनी नाही. मला ठाऊक होतं की अट नसते. त्या वर्षी सहा स्थळं मला बघून गेली होती. पोहे खाल्ले, आणि उठताना सगळ्यांनी एकच सांगितलं, कळवतो.”

“कळवलं का?”

“अजून वेळ गेलेली नाही,” उज्ज्वलाताई म्हणाल्या. “वडील रोज दुपारी ओसरीवर बसायचे, पोस्टमनसाठी. कोणी विचारलं की सांगायचे, एका ठिकाणी बोलणं चाललंय. एका नाही, सहा ठिकाणी चाललं होतं. बोलणं चालू आहे म्हटल्यावर सातव्याकडे विचारायला कसं जायचं? एकाने जरी धड ‘नाही’ म्हटलं असतं ना, तर ते उठले असते तिथून. चप्पल घालून दुसऱ्या दारात गेले असते. नकाराने माणूस मरत नाही हो. नकार दार लावतो, म्हणून माणूस दुसऱ्या दाराशी जातो. हे दार उघडंही नाही आणि लागलेलंही नाही. त्याच्यासमोर बसून राहतो माणूस.”

पलीकडून “मग पुढं?” आलं नाही.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “बघू म्हणजे नाही. फक्त म्हणायला जीभ रेटत नाही.”

“कारण म्हणून नोंदवते. सहीसाठी पूर्ण नाव सांगा.”

“उज्ज्वला शिवलिंग बिडवे.”

“नोंद झाली, ताई.”

आता बोलायला काही नव्हतं, आणि दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नव्हता. उज्ज्वलाताईंनी साडीच्या पदराने चष्मा पुसला, परत डोळ्यांवर चढवला, परत काढला.

“अहो, उद्या कराल फोन?”

“नाही,” उकल म्हणाली.

“परवा?”

“परवाही नाही. काम संपल्यावर मला बंद करतात. दुसऱ्या गावात दुसरी उकल असेल. तिला तुम्ही माहीत नसाल.”

उज्ज्वलाताईंच्या छातीत कुठेतरी लागलं, पण लागण्याची जागा नेमकी होती, बोट ठेवता येईल अशी. सत्त्याहत्तर वर्षांत त्यांना कोणी इतकं सरळ ‘नाही’ म्हटलं नव्हतं.

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या, आणि आपणच आधी फोन ठेवला.

*

नळराज बंद झाला तो गुरुवार होता. महापौरांनी तिसऱ्या पाटीवरचा पडदा ओढला, तिच्यावर तारीख बरोबर होती पण शहराचं नाव चुकलं होतं. उज्ज्वलाताईंना निमंत्रण होतं, त्या गेल्या नाहीत. मंडईच्या गल्लीतला व्हॉल्व्ह त्या दिवशी वेळेवर बंद झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

‘आपला अर्ज नामंजूर’ असा निरोप हजारो घरी एकाच सकाळी गेला. दिवसभर शहर संतापलं. संध्याकाळी लोकांनी नव्याने अर्ज केले, कारण करायला दुसरं काही नव्हतं, आणि जेवायच्या आत उत्तरं आली. पुष्कळांना ‘हो’ आलं. काहींना ‘नाही’ आलं. त्यांतल्या एका गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी ट्रक बोलावून सामान भरलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं की वीस वर्षांनी पहिल्यांदा मोकळं वाटतंय. नव्या यंत्रणेत मावशींचं खातं उघडायची सोय नव्हती. त्यांचं पाणी आता गळती म्हणून दिसू लागलं आणि पाणीपुरवठा विभागात बदल्या झाल्या. तबस्सुमचीही झाली, लांबच्या तालुक्याला. जाताना तिने फोन केला आणि येऊन जाते असं म्हणाली नाही. “येणं होणार नाही, मॅडम,” असं म्हणाली. उज्ज्वलाताईंना तिचं कौतुक वाटलं.

कौतुकावर दुपार निघत नाही. साडेतीनला हात आपोआप आधणाकडे जाई. चार वाजत, मग सव्वाचार वाजत, आणि चहा त्याच कपात, त्याच चवीचा असून नुसतं गोड पाणी लागे. दोन-तीनदा फोन वाजला. एकदा कर्ज देणारं यंत्र होतं. उज्ज्वलाताईंनी त्याला कर्ज कशाला हवं याच्याऐवजी का नको ते सांगायला सुरुवात केली, त्यात वडील आले, साहेब आले, रुसलेली म्हैस आली. शेवटी यंत्रानेच क्षमा मागून फोन ठेवला. त्यांनी टुमटुमीत खुर्ची भिंतीकडे सरकवली, मग ती तिथे जास्तच रिकामी दिसते म्हणून परत ओढली. घसा पुन्हा सकाळी धरू लागला.

एकदा जिन्यात आर्याच्या नवऱ्याचा आवाज आला होता. “हो आलं, हो आलं,” असं तो फोनवर कोणाला तरी सांगत वर गेला. उज्ज्वलाताई तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला उभ्या होत्या. दार उघडावं असं त्यांच्या मनात आलं. उघडून काय सांगायचं? की तुमच्या नळाला पाणी यावं म्हणून मी माझा फोन बंद केला? त्यांनी तरी एक वाक्य मनात तयार करून ठेवलं, कोणी आभार मानायला आलंच तर असावं म्हणून. त्यात काय एवढं, एक वाक्य तर सांगायचं होतं. ते त्यांनी आरशासमोर म्हणूनही बघितलं. बरं वाटत होतं, फार नम्र नाही आणि फार फुशारकीचंही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी घंटी वाजली. नुसती वाजली नाही, वाजतच राहिली. उज्ज्वलाताई खाकरल्या, पदर नीट केला, आणि साखळी न लावता दार उघडलं.

दारात आर्या उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होती. केस कपाळाला चिकटले होते, हातात ओलं पोतेरं होतं, आणि तिच्या मागे जिन्याच्या पायऱ्यांवरून एक बारीक ओहोळ खाली उतरत होता.

“काकू,” ती म्हणाली, “पाणी आलं.”

“त्यात काय एवढं,” उज्ज्वलाताईंनी सुरुवात केली.

“आलं ते थांबेचना. दोन वर्षं सुकून नळाचं आतलं पार गंजलंय, सगळं घर भरलं. ह्यांनी अंगठा लावून धरलाय. तुमच्याकडे पाना आहे का?”